मामींचं लाकूड

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला कुणी धीर देत बसायला नको. बारामतीत ज्युनिअर कॉलेजात सत्तावीस वर्षं गणित शिकवतोय, पण वर्गात पाऊल टाकण्याआधी अजून दाराबाहेर रामरक्षा म्हणतो. बँकेतून फोन आला तरी मी उभा राहून बोलतो. अशा माणसाला रक्तदाब झाला यात नवल काही नाही. नवल पुढेच आहे. डॉक्टर म्हणाले, "सर, हाताला एखादा छंद लावा. मन शांत राहील." त्या डॉक्टरांना परवा मी भाजी मंडईत पाहिलं आणि भेंडी न घेताच घरी आलो.

छंद म्हणून मी लाकूड कातायला लागलो. आमची मुलगी स्वराली पुण्यात नोकरी करते, तिने वाढदिवसाला टेबलावर बसणारा छोटा लेथ पाठवला. लाकूड त्यात अडकवायचं, बटण दाबलं की ते गरागरा फिरतं, आणि आपण पटाशी टेकवून त्याला आकार द्यायचा. पहिल्या महिन्यात मी एक लाटणं केलं. ते मधोमध जाड झालं, त्यामुळे पोळी कडेला फुगते आणि मध्ये फाटते. मनिषाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, ते कुत्र्यांना हाकलायला दाराशी ठेवलंय. नंतर दोन मेणबत्तीचे स्टँड केले. ते दोन्ही एकाच बाजूला कलतात, त्यामुळे जोडी म्हणून ते चांगले दिसतात असं माझं मत आहे. मला मात्र वाडगा करायचा होता. लाकूड कातणारा माणूस वाडग्याशिवाय नुसता हौशी समजला जातो, असं मी मोबाइलवर ऐकलं होतं.

वाडग्याला जाड ओंडका लागतो. तो मला घरातच सापडला आणि माझ्या साडेसातीला तिथून सुरुवात झाली.

माझ्या सासूबाई, कुशाबाई, निमगाव केतकीला असतात. मी त्यांना मामी म्हणतो. वय ब्याऐंशी, आवाज मात्र अजून चार शेतं ओलांडून जातो. तिथलं जुनं घर पाडून स्लॅबचं घर बांधायचं काम चालू आहे, म्हणून त्यांची एक ट्रंक आणि तीन गाठोडी आमच्या बाल्कनीत आली होती. त्यातलं एक गाठोडं जुन्या लुगड्याचं होतं. ते कोपऱ्यातून सरकवताना माझ्या पायावर पडलं, म्हणून मी सोडून पाहिलं. आत डांबराच्या गोळ्या आणि वीतभर लांबीचा, चांगला जाडजूड ओंडका. वरून राखाडी, भेगाळलेला, वास फक्त डांबरगोळ्यांचा. मला वाटलं, मोडक्या पलंगाचा पाय नाहीतर जुन्या उखळाचा तुकडा असेल. म्हाताऱ्या माणसांना काहीही टाकवत नाही.

तरी मी न विचारता हात लावला नाही, हे माझ्या वतीने नोंदवून ठेवा. मनिषा फोनवर आपल्या भावाशी फरशीच्या रंगावरून वाद घालत होती. मी ओंडका तिच्यासमोर धरला आणि म्हटलं, "हे घेऊ का कातायला?" तिने माझ्याकडे न बघता हात हलवला. तो हात 'घ्या हो, बाजूला व्हा' असा हलला, असं मी आजही शपथेवर सांगेन. तिचं म्हणणं, तो 'ठेवा तिथंच' असा हलला होता. तीस वर्षांच्या संसारात तिच्या त्या हाताचा अर्थ मला कळू नये, याचाही राग तिला वेगळा आलाय.

शनिवारी दुपारी ती बाजारात गेली आणि मी लेथ चालू केला. वरची राखाडी साल उडाली, मग पिवळट लाकूड लागलं, मग त्याच्या आत मधासारखा तांबूस गाभा. आणि वास! देवघरातला, लग्नातला, आजोबांच्या कपाळावरचा, सगळा एकदम. लाकूड इतकं तेलकट होतं की पटाशी लोण्यात फिरावी तशी फिरत होती आणि लांबच लांब ढलप्या माझ्या मनगटावर गोळा होत होत्या. चंदन आहे हे मला कळलं, नाही असं नाही. पण हात थांबेना. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी गोल होत होतं. आतून पोखरलं, कड पातळ केली, जाड काचपेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी मेण आणि जवसाचं तेल कोमट करून फडक्याने चोळलं. चार तास मला भीती वाटली नाही. असे चार तास माझ्या आयुष्यात दुसरे नाहीत.

पाचव्या तासाला बेल वाजली. दारात शेजारचे रणजितराव खलाटे. रणजितराव साखर कारखान्यावर टाइमकीपर होते. सोमेश्वरनगरच्या वसाहतीत राहून आल्यामुळे आपल्याला कायद्यातलं सगळं कळतं अशी त्यांची समजूत आहे. ते आत आले, चपला न काढता थेट बाल्कनीत गेले, वाडगा उचलला, हुंगला आणि पडदा ओढून घेतला.

"दीपकराव, हे काय केलंत?"

"वाडगा."

"चंदन हाय हे. फॉरेस्टवाल्यांना वास गेला म्हंजी?"

"पण घरातलंच लाकूड आहे. जुनं."

"सगळेच म्हणत्यात घरातलं हाय म्हणून." ते खुर्चीत बसले आणि आवाज खाली आणला. "आमच्या वसाहतीत एकाला धरला व्हता. साधी काठी व्हती हातात, चंदनाची. म्हातारा मानूस. काठी तर गेलीच, वर त्याला धरून न्यावं लागलं, कारण काठी न्हाय."

मी पाणी प्यायलो. रणजितराव म्हणाले, "नोकरीत हाय तवर जपा. शिक्षक मानूस तुमी. पेपरात फोटो येतो तवा तोंडाला रुमाल बांधत्यात, पन गावातल्यांना डोक्यावरनं कळतंच." माझ्या डोक्याकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरणार नाही. मला थोडं टक्कल आहे.

ते गेले आणि दहा मिनिटांत मनिषा आली. जिन्यातच थांबली होती ती, वास घेत. पिशव्या खाली ठेवल्या, बाल्कनीत गेली, रिकामं लुगडं पाहिलं आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

"अहो," ती म्हणाली, "ते आईचं लाकूड होतं."

"कसलं?"

"तिच्या सरणावरचं."

मला आधी काही कळेना. मग तिने सांगितलं. निमगावला त्यांच्या बांधावर एक चंदनाचं झाड होतं. माझे सासरे मानसिंगआबा हयात असताना वळवाच्या पावसात ते उन्मळून पडलं. आबांनी गाभ्याचे दोन सारखे तुकडे करवतीने कापले, दोरीने मापून. भांडण नको म्हणाले. "एक माझ्यासाठी, एक हिच्यासाठी, जो आधी जाईल त्याच्याबरोबर त्याचा." नऊ वर्षांपूर्वी आबा गेले, त्यांचा तुकडा त्यांच्याबरोबर गेला. दुसरा मामींनी लुगड्यात बांधून पलंगाखाली ठेवला. त्यांच्या दृष्टीने तो आबांचा निरोप होता. दुकानातून दुसरा आणून भागणार नव्हतं, कारण त्या झाडाचं आता काहीच उरलं नव्हतं. ओंडक्याच्या जागी माझ्या हातात होता एक सुंदर, चकचकीत वाडगा.

"मी हात हलवला ना तुम्हाला!" मनिषा म्हणाली आणि रडायला लागली.

आणि मामी बुधवारी येणार होत्या. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन बारामतीत ठरलं होतं, त्यानंतर पंधरा दिवस मुक्काम आमच्याकडे. त्या आल्या आल्या गाठोड्याला हात लावणार हे नक्की होतं. ऑपरेशननंतर रडायचं नाही, ताण घ्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे आता माझ्यामुळे म्हातारीचा डोळाही जाणार होता. मी रक्तदाबाची दुसरी गोळी घेतली. एकच घ्यायची असते.

सोमवारी मी अर्धी रजा टाकून वनखात्याच्या कचेरीत गेलो. कायदेशीर, पावतीसह, तसाच दुसरा तुकडा कुठे मिळतो हे विचारावं, निदान मामींना काही तरी देता येईल, असा माझा सरळ हेतू होता. मनिषाने जाऊ नका म्हटलं होतं. पण मध्यमवर्गीय माणसाला नियम मोडल्यावर नियम काय आहे ते विचारायला जावंसं वाटतं, त्याला इलाज नाही. आत एक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "कुणाला हवंय चंदन?"

"माझ्या मित्राला," मी म्हणालो.

"मित्र आले नाहीत?"

"त्यांना बरं नाही."

"कशासाठी हवंय?"

"मयतासाठी."

त्यांनी चष्मा काढला. "अहो, मग ते बरं नाही म्हणजे किती बरं नाही?"

मी मान खाली घातली. ते फार हळहळले, कागद ओढला आणि म्हणाले, "नाव सांगा. चौकशी करून कळवतो." आता माझा एक दोष आहे. घाबरलो की मी खरं बोलतो, पण दुसऱ्याबद्दल. माझ्या तोंडून "रणजित खलाटे" बाहेर पडलं. त्यापाठोपाठ सोसायटीचं नाव, फ्लॅटचा नंबर आणि फोन नंबरही. एक आकडा चुकला नाही. बाहेर येऊन स्कूटरला किक मारताना मला समजलं मी काय करून बसलोय, पण परत आत जाऊन सांगणार काय?

इकडे घरात वास थांबेना. वाडगा मी कपाटात कपड्यांच्या मागे लपवला, तर मंगळवारी पहिल्या बाकावरची श्रेया म्हणाली, "सर, आज घरी पूजा होती का?" मला दरदरून घाम फुटला आणि घामालाही चंदनाचा वास येतोय असं वाटलं. घरी येऊन वाडगा काढला आणि ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून खोल पुरला. मनिषाला सांगितलं नाही. तिला जितकं कमी माहीत तितकं बरं, असं मला वाटलं.

राहिला भुसा. पिशवीभर ढलप्या आणि भुसा होता, ओंडक्यातला निम्म्याहून जास्त. त्याच मंगळवारी सकाळी घंटागाडी आली तेव्हा मी पिशवी घेऊन खाली गेलो होतो. गाडीवरच्या बाईंनी विचारलं, "ओला का सुका?"

"सुका," मी म्हणालो.

त्यांनी पिशवी नाकाशी नेली. "अगं बाई! चंदन टाकताय व्हय? सर, घरात कायतरी झालंय का?" तिथे दूध घ्यायला आलेल्या चार जणांनी माना वळवल्या. मी पिशवी त्यांच्या हातून ओढून घेतली, "चुकून आली" म्हणालो आणि आमच्या मोटारीच्या डिकीत स्टेपनीखाली दाबली. तेव्हापासून आमची गाडी देवळासारखी वास मारते आणि मी सिग्नलला काचा वर ठेवतो.

शेवटी मी ते केलं ज्याची मला अजून लाज वाटते. मंगळवारी संध्याकाळी वखारीतून बाभळीचा ओंडका आणला. लेथवर त्याच मापाचा कातला, चहाच्या पाण्यात भिजवून रात्रभर पंख्याखाली वाळवला, वर राख चोळली, पटाशीने भेगा पाडल्या. बाजारातून चंदनाचं अत्तर आणून अख्खी बाटली त्यावर रिकामी केली. मग लुगड्यात बांधून, डांबरगोळ्या टाकून, गाठ होती तशी मारली. मनिषा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आबांच्या लाकडाच्या जागी बाभूळ. बघा हं." तेवढंच. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

बुधवारी ऑपरेशन नीट झालं. मामी घरी आल्या त्या उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून, आणि डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहेच, म्हणजे दिसत जवळजवळ काहीच नव्हतं. मला आत कुठेतरी सुटल्यासारखं झालं, आणि सुटल्यासारखं झालं याचीच पुन्हा भीती वाटली. त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नाही. म्हणाल्या, "माजं गठुडं कुठाय?" मी ते त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी वरून चाचपलं. लांबी, जाडी. गाठीवरून बोट फिरवलं.

"डांबरगोळ्या लई घातल्यात," त्या म्हणाल्या, आणि गाठोडं पलंगाखाली सरकवायला सांगितलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभा राहिलो. जमलं, असं मला वाटलं. गणिताचा माणूस असून मी एक गोष्ट विसरलो होतो. ज्या माणसाला दिसत नाही, त्याचं नाक दुप्पट चालतं.

गुरुवारी दुपारी जेवायला बसलो. मनिषाने सकाळीच कोठीतली ज्वारी गिरणीतून दळून आणली होती. गरम भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. मामींनी भाकरीचा तुकडा मोडला, तोंडाशी नेला आणि थांबल्या. परत हुंगला. तुकडा ताटात ठेवला.

"मने," त्या शांतपणे म्हणाल्या, "ह्या भाकरीला माज्या मयताचा वास येतोय."

मनिषाने माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. आणि नेमकी त्याच वेळी बेल वाजली.

दारात खाकी कपड्यातला एक तरुण वनरक्षक, आणि त्याच्या मागे रणजितराव. रणजितरावांचा चेहरा पांढराफटक. "दीपकराव," ते म्हणाले, "हे मला न्यायला आल्यात. माझ्या नावानं कुणीतरी चंदनाची चौकशी केलीय. मयतासाठी! माझ्याच! तुमी सांगा यांना, मी धडधाकट हाय, आन् चंदनाशी माझा काय संबंध न्हाय!" कायद्यातलं सगळं कळणारा माणूस माझ्या बाहीला धरून उभा होता. मला क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

वनरक्षक म्हणाला, "न्यायला नाही हो, काका. तुमच्या तब्येतीची चौकशी करून या, असं साहेबांनी सांगितलं म्हणून आलोय. फोन तुम्ही उचलत नव्हता." एवढं बोलून त्याने नाक वर केलं. मान उजवीकडे. मान डावीकडे. "पण चंदन तर इथं आहे."

मला दारूची सवय नाही, त्यामुळे झोकांडी जाणं म्हणजे काय ते मला तेव्हाच कळलं. रक्तदाब, नोकरी, पेपरातला रुमाल, सगळं एकदम समोर आलं. मी तोंड उघडलं, पण आवाज आतून आला.

"हाय! चंदन हाय! माजं हाय!" मामी ताटावरून उठल्या होत्या, भिंत चाचपत बाहेर येत होत्या. "माज्या मयताचं लाकूड हाय त्ये. माज्या बांधावरचं, माज्या मालकानं कापलेलं. काय करतूस? मला धरतूस व्हय? धर. पन डोळ्यात औषध घालायची येळ झालीय, त्ये घालून घे आधी."

वनरक्षक गडबडला. "तसं नाही, आजी. कुठली तुम्ही?"

"निमगावची. तू कुठला रं?"

"कोऱ्हाळ्याचा. माझी आजी पण ठेवून होती हो, देव्हाऱ्यामागं. एवढासा तुकडा."

"मग तुला कळंल. मास्तर, दावा त्येला माजं लाकूड."

मास्तर म्हणजे मी. मी म्हणालो, "मामी, राहू दे की, त्यांना उशीर होतोय."

"दावा म्हनते ना! चोरीचं हाय व्हय आपलं?"

मी पलंगाखालून गाठोडं ओढलं. गाठ मीच मारलेली, पण मला सुटेना, शेवटी वनरक्षकानेच सोडली. त्याने ओंडका उचलला, हातात तोलला, हुंगला, खिशातल्या किल्लीने एका टोकाला ओरखडा काढला. मग तो माझ्याकडे बघायला लागला. पोरगा चांगला होता, त्याला सांगवत नव्हतं.

"आजी," तो म्हणाला, "ही बाभूळ आहे. वर अत्तर लावलंय कुणीतरी."

मामींनी हळूहळू मान वळवली. पट्टी बांधलेला डोळा आणि न दिसणारा डोळा, दोन्ही बरोबर माझ्यावर येऊन थांबले.

मी सगळं सांगितलं. उभा राहून, हात मागे बांधून, शाळेत सांगतात तसं. लेथपासून अत्तराच्या बाटलीपर्यंत. रणजितरावांचं नाव मीच दिलं हेही सांगून टाकलं. रणजितराव "अरे!" म्हणाले आणि खुर्चीत बसले. मनिषाचा हात कसा हलला तेवढं मात्र मी गाळलं. तेव्हा ती स्वतःच म्हणाली, "आई, मी पण बघितलं नाही गं नीट. फोनवर होते."

मामी म्हणाल्या, "कुठाय त्यो?"

मी कोठीत हात घातला आणि ज्वारीतून वाडगा वर काढला. फडक्याने पुसून त्यांच्या हातात दिला. खरं सांगतो, त्या वेळी त्या रडल्या असत्या तर मी त्या लेथसकट कालव्यात उडी मारली असती. त्यांनी वाडगा दोन्ही हातांत धरला. अंगठा कडेवरून फिरवला, एक वेढा, दोन वेढे. आत बोटं घातली, तळ चाचपला. मग नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"आबांचाच हाय," त्या म्हणाल्या.

वनरक्षक उठला. "विकायबिकायचं नाही ना, सर?" मी जोरजोरात मान हलवली. तो म्हणाला, "मग मी इथं बाभळीचा ओंडका बघितला असं सांगतो. बघितलाच आहे. आम्हाला लांडगे मोजायला माणसं कमी पडतायत." दारात वळून म्हणाला, "वाडगा झकास झालाय पण." माझ्या कारागिरीचं झालेलं हे पहिलं आणि आजवरचं एकमेव कौतुक, आणि ते स्वीकारायच्या अवस्थेत मी नव्हतो. रणजितराव त्याच्या मागोमाग गेले. दोन दिवस त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं, पण लिफ्टमध्ये भेटले की मोठ्याने श्वास घेऊन दाखवायचे, फुफ्फुसं ठणठणीत आहेत हे कळावं म्हणून.

सगळे गेल्यावर मामी पलंगावर बसल्या. वाडगा मांडीत. मी खाली जमिनीवर बसलो, खुर्चीत बसायचं धाडस झालं नाही.

"मामी, माफ करा," मी म्हणालो. "फार मोठी चूक झाली माझी."

"झाली खरी." त्यांनी पलंगाची कड चाचपली. मग म्हणाल्या, "नऊ वरसं त्ये पलंगाखाली हुतं, मास्तर. जरा अंग तापलं की हात खाली जायाचा, हाय का जाग्यावर बघाया. खोकला आला तरी हात खाली. वाटायचं, आजच का काय. कुनाला सांगू, मला भ्या वाटतंय म्हनून? ब्याऐंशी वरसाची बाई. लोकं हसतील." त्यांनी वाडगा उलटा केला, परत सुलटा केला. "आन् फेकून बी देता यीना. आबांनी मापून कापलेलं. आता वाडगा झाला. ह्यात शेंगा घालीन, गूळ घालीन. वाडग्याला कोन भितंय?"

मनिषा डोळे पुसत होती. मलाही भरून आलं. मी भित्रा आहे, पण आमच्या घरात माझ्यापेक्षा जास्त घाबरलेलं एक माणूस नऊ वर्षं इतक्या मोठ्या आवाजात बोलत होतं, हे मला कधी कळलं नव्हतं.

"पन मास्तर," मामी एकदम म्हणाल्या, "एवढ्या लाकडाचा एवढाच वाडगा व्हय? बाकीचं कुठाय?"

मी धावत खाली गेलो. स्टेपनीखालची पिशवी आणली. त्यांनी आत हात घातला, ढलप्या मुठीत चुरल्या, आणि त्यांचा चेहरा खुलला. "ह्ये बेस झालं की! आबांचं लाकूड ढिम्म हुतं, लई येळ धुमसत बसलं. ह्ये कसं झटकन पेटंल. बांधा लुगड्यात." मी भुसा लुगड्यात बांधला. बाभूळ दाराशी गेली, लाटण्याच्या शेजारी. मामींनी गाठोडं पलंगाखाली न ठेवता माळ्यावर टाकायला सांगितलं. "लागंल तवा काढा. मला सांगू नगा."

मी उठणार, तेवढ्यात त्यांनी मला परत बसवलं.

"मास्तर, वय किती झालं तुमचं?"

"सत्तावन्न."

"बीपीची गोळी चालू हाय न्हवं?"

"आहे."

त्यांनी गाठोडं परत मागून घेतलं, गाठ सोडली आणि आतून चांगल्या मूठभर ढलप्या काढल्या. माझा रुमाल मागितला. त्यात त्या घालून घट्ट पुरचुंडी बांधली आणि माझ्या हातावर ठेवली, सणाला जावयाच्या हातावर काही ठेवावं तशी, मायेने.

"ठिवा जवळ. आपल्याच झाडाचं हाय. कवा लागंल काय सांगावं?"

त्या दिवसापासून मामी पाठ टेकली की घोरायला लागतात. डावा डोळाही आता झालाय, वाडग्यातले शेंगदाणे संपले की लांबून दिसतं त्यांना. पुरचुंडी मी गोळ्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवलीय. टाकता येत नाही, आबांच्या झाडाची आहे. दुपारी जरा आडवा होतो, छातीत उगाच काहीतरी टोचल्यासारखं होतं, आणि माझा हात आपोआप ड्रॉवरकडे जातो. गोळीसाठी नाही. पुरचुंडी जागेवर आहे का, ते बघायला.